घरगुती मसाला ते विक्रीचा मसाला : नागपुरातल्या एका छोट्या उद्योगाचं प्रकरण

हे नमुन्याचं प्रकरण आहे. माणसं कल्पून घेतली आहेत आणि दर हिशोब दाखवण्यापुरते धरले आहेत. कायदा, योजना आणि मालाचं वागणं मात्र खरं आहे. काळ २०२३ च्या पावसाळ्यापासून २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. योजनांच्या अटी, शुल्क आणि नियम त्या काळातले आहेत, म्हणून आज अर्ज करण्याआधी ते एकदा पडताळून घ्यावेत.

परिस्थिती

नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहणाऱ्या दोघी जावा. थोरलीच्या हाताला सावजी रश्श्याची चव आहे, धाकटी हिशोबात पक्की. नातेवाईक वर्षानुवर्षं त्यांच्याकडून मसाला करून नेत होते, तेव्हा तो पाकिटात भरून दुकानांत ठेवायचं ठरलं. दोघींच्या बचतीचे मिळून १,८०,००० रुपये होते. जुलै महिन्यात काम सुरू झालं.

पैसे असे गेले. सिंगल फेजवर चालणारा २ हॉर्सपॉवरचा पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं यंत्र, ४८,००० रुपयांना आला. चार रंगांत छापलेले १०,००० पाऊच नगाला ४ रुपये दराने ४०,००० चे, आणि छपाईच्या चार सिलिंडरचे, म्हणजे रंगागणिक लागणाऱ्या छपाईच्या रुळांचे, वेगळे १८,०००. वजनकाटा आणि सीलिंग मशीन ९,०००. इतवारीच्या बाजारातून एकदम घेतलेला १३५ किलो कच्चा माल ४५,००० चा. फलक, भांडी आणि किरकोळ खर्च ८,०००. हातात १२,००० उरले.

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. तोवर २५ दुकानांत प्रत्येकी २० अशी १०० ग्रॅमची ५०० पाकिटं गेली होती. जानेवारीत मोजणी केली तेव्हा २१० पाकिटांचे पैसे आले होते, १३० पाकिटं ‘वास येतो’ म्हणून परत आली होती आणि १६० दुकानांतच पडून होती. चव उत्तम होती, घेणाऱ्यांनी कौतुकही केलं. तरी पैसा संपला होता. कुठे चुकलं ते शोधायचं तर सुरुवात हिशोबापासून करावी लागते, कारण पुढच्या बहुतेक चुका त्या एका चुकीतून निघाल्या.

घट न धरलेला हिशोब

त्यांचं १० किलोचं प्रमाण असं होतं. धणे ४ किलो, वाळलेली मिरची २ किलो, खोबरं १ किलो, जिरे ८०० ग्रॅम, काळी मिरी ४०० ग्रॅम. खसखस, दगडफूल आणि कलमी (दालचिनी) प्रत्येकी ३०० ग्रॅम. लवंग, मोठी वेलची, तेजपान आणि चक्रीफूल प्रत्येकी २०० ग्रॅम. जावित्री-जायफळ मिळून १०० ग्रॅम. सगळा माल ३,३२५ रुपयांचा. धाकटीने त्याला १० ने भागलं. किलोला ३३२ रुपये ५० पैसे, म्हणजे १०० ग्रॅमला ३३ रुपये २५ पैसे. त्यात दळणाचे ३ रुपये, पाऊचचे ४ आणि गॅसचा दीड रुपया मिळवला की जवळपास ४२ होतात. पाकिटावर किंमत ६० छापली. दुकानदाराचे २० टक्के म्हणजे १२ रुपये वजा केले की हातात ४८ येतात आणि पाकिटामागे ६ रुपये सुटतात. कागदावर हे बरोबर दिसतं.

पण १० किलो माल घेतला म्हणून १० किलो मसाला होत नाही. मिरचीचे देठ जातात. धणे-जिऱ्यातून काड्या आणि माती निघते. भाजताना ओल उडते, दळताना थोडी पूड उडते आणि थोडी यंत्राला चिकटून राहते. दोघींनी जानेवारीत पहिल्यांदा भरलेली पाकिटं तोलून पाहिली, तेव्हा १० किलोचे ८ किलो ७०० ग्रॅम झालेले दिसले. १३ टक्के घट. म्हणजे मालाचा खरा भाव किलोला ३८२ रुपये, १०० ग्रॅमला ३८ रुपये २० पैसे. दुकानापर्यंत पोचवण्याचा पाकिटामागचा दीड रुपयाही हिशोबात नव्हता. तो धरला की खर्च ४८ रुपये २० पैशांवर जातो आणि हातात येतात ४८. मजुरी न धरताच नफा संपला.

मजुरीही धरायला हवी. दोघींचा एक पूर्ण दिवस ८७ पाकिटांत जातो. दिवसाचे प्रत्येकी ३५० धरले तरी पाकिटाला ८ रुपये पडतात. खरा खर्च ५६ आणि मिळकत ४८. प्रत्येक पाकिटामागे ८ रुपये तोटा होत होता. दिवाळीत विक्री दुप्पट झाली असती तर तोटाही दुप्पट झाला असता. ‘आपण घरचेच आहोत, आपली कशाला मजुरी’ हे वाक्य घरगुती उद्योगांत फार ऐकू येतं आणि बायकांच्या कामाच्या बाबतीत तर हमखास. ते हिशोबातून काढून टाकावं. उद्या एक जण आजारी पडली आणि बाई लावावी लागली, तर तिची मजुरी कुठून येणार?

घट काढायची रीत साधी आहे. पहिल्या तीन घाण्यांत चार वेळा तोलायचं : आणलेला माल, निवडलेला माल, भाजून थंड झालेला माल आणि पाकिटात भरलेला मसाला. चारही आकडे वहीत लिहायचे. पावसाळ्यात आणलेल्या मालात ओल जास्त असते, त्यामुळे तीच घट उन्हाळ्यात वेगळी येते. म्हणून वहीत महिनाही लिहावा.

छापील पाऊच

किंमत ६० ची ८५ करायची ठरली तेव्हा साडेनऊ हजार पाऊच शिल्लक होते. त्यांवर नव्या किमतीचं स्टिकर लावावं, असं पहिल्यांदा कोणालाही सुचतं. तसं करता येत नाही. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापाच्या कायद्याखालच्या, २०११ च्या आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंच्या नियमांनुसार छापलेली कमाल किरकोळ किंमत कमी करण्यासाठी स्टिकर चालतं, वाढवण्यासाठी नाही. घातलेले ५८,००० रुपये तिथेच गेले.

किंमत बदलली नसती तरी त्या पाऊचमध्ये आणखी तीन दोष होते. एकक विक्री किंमत छापलेली नव्हती. १०० ग्रॅमचं पाकीट ८५ रुपयांना असेल तर ‘प्रति ग्रॅम ०.८५ रुपये’ असं लिहावं लागतं. पत्ता महाल भागातल्या माहेरच्या दुकानाचा होता आणि अन्न नोंदणी नंदनवनच्या घराची. मसाला जिथे तयार होतो तो पत्ता नोंदणीवर आणि पाकिटावर एकच हवा. तिसरा दोष म्हणजे ‘अस्सल भिवापुरी मिरचीचा’ ही ओळ. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव मालावर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, आणि मिरची खरोखर तिथलीच आहे हे दाखवताही यायला हवं. यांची मिरची मिश्र होती.

नव्या उद्योगाने पहिले सहा महिने साधे, जाड, आतून चंदेरी थर असलेले पाऊच घ्यावेत आणि पूर्ण मजकुराचं छापील लेबल त्यावर चिकटवावं. शे-दोनशे लेबलं स्थानिक छापखान्यात होतात. चूक निघाली तर शंभर लेबलं जातात, हजारो पाऊच नाही. लेबलावर मालाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापराच्या मुदतीची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, एकक किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा ई-मेल आणि एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह व १४ अंकी क्रमांक एवढं हवंच. निव्वळ वजन म्हणजे पाऊच वगळून. रिकामा पाऊच काट्यावर ठेवून शून्य करायला विसरलं की प्रत्येक पाकिटात काही ग्रॅम माल कमी जातो, आणि वैधमापन निरीक्षक नेमकं तेच तपासतो.

वास का आला

परत आलेली १३० पाकिटं उघडल्यावर दोन प्रकार दिसले. काहींत गाठी झाल्या होत्या, काहींना खवट वास होता.

गाठींचं कारण ओल. दळून निघालेला मसाला हाताला चटका बसेल इतका गरम असतो. तो तसाच पाकिटात बंद केला की आत वाफ धरते आणि गार झाल्यावर तिचं पाणी होतं. जुलै-ऑगस्टच्या हवेत हे जास्तच होतं. भाजलेला माल पूर्ण थंड झाल्याशिवाय दळू नये. दळलेला मसाला स्टीलच्या परातीत पसरून, वर कोरडं कापड टाकून थंड करावा आणि मगच भरावा. मिश्र मसाल्यात ओल १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी आणि मिरची पुडीत ११ टक्क्यांपेक्षा, असं अन्न सुरक्षेचं मानक आहे. पहिल्या चांगल्या घाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्यावा, म्हणजे धणे किती भाजल्यावर ओल कितीवर येते याचा अंदाज हाताला बसतो.

खवटपणाचं कारण प्रमाणातच होतं. खोबरं आणि खसखस दोन्ही तेलाची. खसखशीचं तेल हवेने लवकर बिघडतं, आणि खोबऱ्याला ओल लागली की साबणासारखी चव येते. घरी दर पंधरा दिवसांनी ताजा मसाला करताना हे कधी जाणवत नाही. पाकीट दुकानाच्या वरच्या फळीवर, पत्र्याखाली, दोन-तीन महिने पडून राहतं तेव्हा जाणवतं. दिवाळीच्या दिवसांत ही गत झाली, मग मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा काय होईल ते उघड आहे.

उपाय थोरलीने काढला आणि तो फार चांगला आहे. पाकिटातून खोबरं आणि खसखस काढूनच टाकली, आणि मागे लिहिलं : ‘रस्सा करताना भाजलेलं खोबरं व खसखस ताजी वाटून घाला.’ सावजी रस्सा करणाऱ्या घरांत वाटण तसंही ताजंच होतं, त्यामुळे कोणाचीच तक्रार आली नाही. मालाचा खर्चही उतरला. ८ किलो ७०० ग्रॅम कच्चा माल २,६७५ रुपयांचा आणि त्याचा मसाला सुमारे ७ किलो ५७० ग्रॅम, म्हणजे किलोला ३५३ रुपये.

कागदपत्रं कोणत्या क्रमाने

इथे त्यांचं फारसं चुकलं नाही. सुरुवातीला फक्त क्रम उलटा होता. आधी पाऊच छापले, नोंदणी नंतर केली.

पहिला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. आधार आणि पॅनवर ती ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांवर जाऊ नये. दुसरा अन्न नोंदणीचा. वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर मूलभूत नोंदणी, शुल्क वर्षाला १०० रुपये, एकदम पाच वर्षांचीही घेता येते. ती घराच्या स्वयंपाकघरासाठीही मिळते. दळलेला मसाला सुटा विकायला परवानगी नाही, तो पाकीटबंदच हवा, हे इथेच लक्षात घ्यावं. कारण ओळखीतल्या बायका डबा घेऊन येतात आणि नाही म्हणणं जड जातं. तिसरा कागद दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नव्हता, सुरुवात केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन कळवणं पुरत होतं. मग वैधमापन विभागाकडे पाकीट भरणारे म्हणून नोंदणी, कामाला लागल्यापासून ९० दिवसांच्या आत. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि शिक्का दरवर्षी.

बँकेत चालू खातं उघडायला यांतले दोन कागद पुरतात. खातं पहिल्या विक्रीच्या आधी उघडावं, आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवावा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर आलेले पैसे उद्योगाची उलाढाल म्हणून बँकेला दाखवता येत नाहीत.

जीएसटीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नागपूर सीमेजवळचं शहर आहे. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पण सिवनीच्या एका दुकानाने ४० पाकिटं मागवली तेव्हा थांबावं लागलं. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, आधी नोंदणी लागते. सिवनी, छिंदवाडा, पांढुर्णा नागपूरकरांना शेजारची गावं वाटतात, पण ती मध्य प्रदेशात आहेत. दोघींनी ती मागणी तूर्त नाकारली. आमच्या मते ते बरोबर होतं. ४० पाकिटांसाठी विवरणपत्रांचा खर्च परवडत नाही.

मालकी कोणाची, हा प्रश्न घरात बोलायला अवघड असतो. नोंदणी थोरलीच्या नावाने एकल मालकीची होती आणि १,८०,००० पैकी ७०,००० धाकटीचे होते. कागदावर धाकटी कोणीच नव्हती. भागीदारी करायची तर करारपत्र करावं आणि ते निबंधकाकडे नोंदवावंही. नोंद नसलेल्या भागीदारीला उधारी वसूल करण्यासाठी दुकानदारावर दावा लावता येत नाही, १९३२ च्या कायद्याचं कलम ६९ तसं सांगतं. दोघींनी फेब्रुवारीत करारपत्र केलं. नफा निम्मा-निम्मा, मजुरी कामाच्या दिवसांप्रमाणे वेगळी. त्याबरोबर नवं पॅन, नवी अन्न नोंदणी आणि नवं खातं करावं लागलं. हे पहिल्याच दिवशी ठरवलं असतं तर दोनदा धावपळ झाली नसती.

यंत्र आधी की गिऱ्हाईक आधी

४८,००० चा पल्व्हरायझर महिन्यात चार-पाच दिवस चालत होता. चक्कीवाला दळणाचे किलोला ३० घेतो. महिन्याला ३१ किलो ५०० ग्रॅम दळले तर ९४५ रुपये होतात. वीज फुकट धरली तरी यंत्राची किंमत वसूल व्हायला ५० महिन्यांहून जास्त लागतात. विक्री महिन्याला सव्वाशे-दीडशे किलोवर स्थिरावेपर्यंत बाहेरून दळून घेणंच शहाणपणाचं.

बाहेर दळताना दोन गोष्टी पाहाव्यात. त्या चक्कीची स्वतःची अन्न नोंदणी आहे का, आणि आपल्या आधी तिच्यावर काय दळलं. गहू दळलेल्या चक्कीत मसाला दळला की पीठ मिसळतं, आणि गव्हाचं ग्लुटेन कोणाला त्रासाचं असू शकतं. फक्त मसाल्याची चक्की शोधावी, सकाळचा पहिला नंबर घ्यावा आणि सुरुवातीला आपलेच अर्धा किलो धणे फिरवून बाजूला काढावेत. मिरचीला रंग चढावा म्हणून चक्कीवाला तेलाचा हात लावायला सांगतो. तिखटात खाद्यतेल २ टक्क्यांपर्यंत चालतं, पण ते लेबलावर लिहावं लागतं. बाहेरचा रंग अजिबात चालत नाही.

यंत्र रोखीने घेतल्याचा आणखी एक तोटा झाला. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचा वाटा किमान १० टक्के लागतो. अर्ज मोफत आहे, आणि तो भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते. पण आधीच खिशातून घेतलेल्या यंत्रावर हे अनुदान मिळत नाही. कोटेशन, मग बँकेची मंजुरी, मग बँकेतून थेट विक्रेत्याला पैसे, हा क्रम सोडता येत नाही.

दुकानं आणि उधारी

“ठेवून द्या ताई, विकल्यावर पैसे घेऊन जा.” हे वाक्य २५ दुकानांत ऐकलं आणि २५ दुकानांत माल अडकला. आता सहाच दुकानं आहेत, सगळी सक्करदरा ते मानेवाडा या पट्ट्यात, म्हणजे एका फेरीत होतात. प्रत्येकी १२ पाकिटं. पहिल्या १२ चे पैसे मिळाल्यावरच पुढची १२. पाकीट दीड महिना पडून राहिलं तर स्वतः उचलून बदलून द्यायचं, दुकानदाराने सांगण्याची वाट पाहायची नाही. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. मोठ्या खरेदीदाराशी बोलताना तो उपयोगी पडतो, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी बोलताना बारा पाकिटांची शिस्तच कामी येते.

नवा हिशोब असा. माल ३५ रुपये ३० पैसे, दळण ३, गॅस दीड, जाड पाऊच व लेबल ५, पोचवणं दीड, मजुरी ९. एकूण ५५ रुपये ३० पैसे. किंमत ८५, दुकानदाराचे १७, हातात ६८, शिल्लक १२ रुपये ७० पैसे. पेट्रोल, फोन, वीज, काट्याचा शिक्का मिळून महिन्याचा ठरीव खर्च ४,००० धरला, तर दुकानांतून ३१५ पाकिटं विकली की तो निघतो. घरून थेट गेलेल्या पाकिटावर दुकानदाराचे १७ आणि पोचवण्याचा दीड रुपयाही वाचतो. त्यामुळे ओळखीच्या घरांची यादी आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक संदेश, हीच सध्या त्यांची सगळ्यात मोठी दुकानदारी आहे.

नवी मिरची बाजारात येऊ लागली की, मार्चमध्ये, त्यांनी कळमन्याच्या बाजारातून ४० किलोच घेतली. वर्षभराची बेगमी एकदम केली नाही. गच्चीवर दोन दिवस ऊन दिलं, देठ काढले, तोलली. ३६ किलो ४०० ग्रॅम भरली. आकडा वहीत लिहिला, शेजारी महिना लिहिला आणि त्या मिरचीचा भाव त्याच वजनाने भागून पुढच्या घाण्यात धरला.